बर्लिनला निघताना: पहिल्या पंधरा दिवसांची यादी

सप्टेंबर उजाडला की परदेशी निघालेल्या मुलांच्या घरात दोन याद्या फिरायला लागतात. आईच्या यादीत भाजणीपासून इस्त्रीपर्यंत सगळं असतं, मुलाच्या यादीत लॅपटॉप आणि हेडफोन. दोन्ही याद्या दोन वर्षांच्या मुक्कामाच्या हिशेबाने केलेल्या. बर्लिनला शिकून मी परत ठाण्याला नौपाड्यात राहायला आले, तेव्हापासून दरवर्षी सोसायटीतलं कुणी ना कुणी विचारायला येतं. त्यांना मी सांगते की यादी पहिल्या पंधरा दिवसांची करा. बर्लिनमध्ये तांदूळ मिळतो, स्वेटर मिळतो, झारासुद्धा मिळतो. ठाण्यात कपाटात राहून गेलेली मूळ गुणपत्रिका मात्र तिथे मिळत नाही.

म्हणून कागदांपासून सुरुवात. मूळ कागद केबिन बॅगेत, पाठीवर. मोठ्या बॅगेत एकही मूळ कागद नको, कारण बॅग दुसऱ्याच गावाला गेली तरी तुमचं काम अडता कामा नये. प्रवेशपत्र, पदवी आणि गुणपत्रिका, एपीएसचं प्रमाणपत्र (आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचा जर्मन दूतावासाच्या तपासणी विभागाचा दाखला, नोव्हेंबर 2022 पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना व्हिसासाठी तो लागतो), ब्लॉक्ड अकाउंटचं, म्हणजे राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवलेल्या खात्याचं पत्र, आरोग्य विम्याचं पत्र, खोलीचा करार. मुंबईहून जाताना बहुतेकांना कुठेतरी विमान बदलावं लागतं. फ्रँकफर्ट किंवा म्युनिकमार्गे गेलात तर इमिग्रेशन तिथेच होतं, बर्लिनला नाही. त्यामुळे फाइल हाताशी असू द्या, वरच्या कप्प्यात कोंबून झोपू नका.

नावाचा घोळ निघण्याआधी बघा. आपल्याकडच्या गुणपत्रिकेवर बरेचदा आडनाव आधी, मग आपलं, वडिलांचं आणि कधी आईचंही नाव असतं. पासपोर्टवर ती मांडणी वेगळीच असते. जर्मन कचेरी पासपोर्टवर जे आहे तेच धरते. तेव्हा विद्यापीठाचा अर्ज, विमा, बँक, तिकीट, सगळीकडे पासपोर्टमधलं नाव अक्षरन्‌अक्षर तसंच लिहा. फरक निघाला आणि पासपोर्टच दुरुस्त करायचा असेल तर वागळे इस्टेटच्या पासपोर्ट केंद्राची फेरी जूनमध्ये मारा, सप्टेंबरमध्ये नाही.

आता खोली. माझ्या मते सगळ्या यादीत हीच बाब सगळ्यात जड आहे, कारण बाकीचं सगळं तिच्यावर टांगलेलं आहे. जर्मनीत राहायला गेल्यावर चौदा दिवसांच्या आत पत्त्याची नोंदणी करायची असते, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा एक कागद लागतो, की हा माणूस माझ्याकडे राहायला आला आहे. नोंदणी झाली की कराचा क्रमांक पोस्टाने येतो, तो अर्धवेळ कामाच्या पगाराला लागतो. बँकेत पत्ता लागतो, आणि पुढे निवासाच्या परवान्यालाही नोंदणीचा कागद जोडावा लागतो. म्हणून खोली बघताना भाड्याच्याही आधी विचारायचा प्रश्न हा: इथे आनमेल्डुंग होईल का? ‘खोली स्वस्त आहे, पण नोंदणी नाही’ असं उत्तर आलं तर ती खोली महाग आहे. पहिले काही दिवस होस्टेलात किंवा ओळखीच्यांकडे काढावे लागले तरी चालतील, पण वर्षाचा करार असल्या जागेचा करू नका.

नोंदणी बुर्गरआम्टमध्ये, म्हणजे आपल्या प्रभाग कार्यालयासारख्या ठिकाणी होते. बर्लिनमध्ये तिथली वेळ मिळणं हेच एक काम आहे. शहरातल्या कुठल्याही बुर्गरआम्टमध्ये गेलं तरी चालतं, त्यामुळे घराजवळच्याच कचेरीचा हट्ट नको. वेळा रद्द होऊन परत दिसतात, त्या बहुधा सकाळी. खोलीची तारीख पक्की झाली की ठाण्यातूनच वेळ शोधायला लागा.

अनामत रकमेबद्दल थोडं सविस्तर, कारण फसवणूक इथेच होते. कायद्याने अनामत जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला आहे. जाहिरातीत काल्टमीटे लिहिलं असेल तर ते नुसतं भाडं. वार्ममीटेमध्ये हीटिंग आणि देखभाल धरलेली असते, वीज आणि इंटरनेट बरेचदा तरीही वेगळं. तुलना करायची ती वार्म भाड्याची. आणि ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असं कुणी लिहिलं की तो माणूस कितीही सभ्य इंग्रजी लिहीत असो, तिथेच थांबा. खोली कुणीतरी डोळ्यांनी बघितल्याशिवाय पैसे नाहीत. तिथे शिकणारं ओळखीतलं कुणी असेल तर त्याला एक चक्कर मारायला सांगण्यात संकोच करू नका. मराठी माणूस एवढ्यासाठी उपयोगी पडतो.

खोली मिळाली, चावी हातात आली, की पहिल्याच दिवशी करायचं एक काम कुठल्याच यादीत नसतं. आपल्याकडे पत्ता म्हणजे बी विंग, चारशे दोन. बर्लिनच्या जुन्या इमारतींत घरांना क्रमांकच नसतात. दाराशी पितळी किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर घंट्या, प्रत्येकीसमोर आडनाव. आत जिन्याखाली पत्रपेट्यांची रांग, त्यांवरही आडनावं. तुमचं आडनाव पेटीवर नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो. आणि बँकेचं कार्ड, त्याचा पिन, विम्याचं कार्ड, कराचा क्रमांक, सगळं पत्रानेच येतं. कागदाची पट्टी, मोठ्या रोमन अक्षरांत ‘कुलकर्णी’ किंवा ‘म्हात्रे’, वर पारदर्शक चिकटपट्टी, आधीच्या नावांशेजारी नीट बसेल एवढीच. चिकटपट्टी आणि मार्कर इथूनच न्या, कारण तुम्ही पोचाल तो वार रविवार असू शकतो.

रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात. 3 ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी, तेव्हाही बंद. शनिवारी रात्री उतरलात तर सोमवार सकाळपर्यंत बॅगेत आहे तेच. मोठ्या रेल्वे स्थानकांतली काही दुकानं उघडी असतात, बर्लिनच्या मुख्य स्थानकातलीही, पण पहिल्या दिवशी ती धावपळ कशाला? तिकीट शक्यतो असं काढा की मंगळवारी-बुधवारी पोचाल. बॅगेत एक पातळ चादर, उशीचा अभ्रा, टॉवेल आणि दोन वेळचं कोरडं खाणं वरच्या थरात ठेवा. तिथल्या रिकाम्या खोलीत कधीकधी दिवासुद्धा लावलेला नसतो.

खाण्याच्या बाबतीत आयांशी वाद घालायची माझी तयारी आहे. तूरडाळ, तांदूळ, कणीक, मोहरी, हळद हे सगळं बर्लिनच्या भारतीय दुकानांत मिळतं. त्याने बॅगेचे किलो खाऊ नका. गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं हे न्या, कारण ते तिथे सहजी दिसत नाही. जांभळी नाक्यावरून घेतलेलं सामान दोन-दोन पिशव्यांत सील करून घ्या. पण तूप, पेढे, खव्याचं काहीही नको: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आत नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नको. सुकं खोबरं तेलकट असल्याने विमानाच्या सामानात चालत नाही. आणि दुबई किंवा अबुधाबीमार्गे जात असाल तर खसखस अजिबात नको, अमिरातीत ती बंदी असलेल्या पदार्थांत मोडते. गोड्या मसाल्यात पुष्कळ घरांत खसखस आणि खोबरं दोन्ही घालतात, तेव्हा आत काय आहे ते मसाला करणाऱ्या काकूंना आधीच विचारा. कुकर नेणार असाल तर सपाट तळाचा घ्या, तिथे काचेच्या शेगड्या असतात. एक जादा रिंग आणि शिट्टी सोबत.

जाड कोट ठाण्यात घेऊ नका. आपल्याकडच्या दुकानदारांना बर्लिनची थंडी माहीत नाही आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. थर्मलचे दोन जोड, एक बरं जॅकेट अंगावर, बाकी तिथे. चष्मा असेल तर दुसरा जोड नक्की, दाताचं काम उरकून घ्या. नेहमीची औषधं डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. प्लग: फोनच्या चार्जरची दोन बारीक गोल पिनं तिथे बसतात, लॅपटॉपची तीन पिनांची वायर बसत नाही. पॉवर बँक केबिनमध्येच.

पैशांचं गणित लोक एका ठिकाणी चुकवतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे 11,904 युरो भरलेले असतात, त्यातले महिन्याला 992 मिळतात. पण ते सुरू व्हायला आधी तिथलं चालू खातं लागतं, आणि त्यात दिवस जातात. मधल्या काळात अनामत, पहिलं भाडं, विद्यापीठाचं सत्राचं शुल्क आणि विम्याचा हप्ता एकदम अंगावर येतो. तेव्हा दीड महिन्याचा खर्च आणि अनामत एवढी रक्कम ब्लॉक्ड अकाउंटच्या बाहेर, फॉरेक्स कार्डावर असू द्या, थोडी रोख जवळ. भारतीय सिम बंद करू नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, त्यामुळे रोमिंग निघण्याआधी सुरू करून तपासा. पत्त्याची नोंदणी झाल्यावर रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं, महिन्याला 18.36 युरोंचं. ती फसवणूक नाही. घरटी एकच शुल्क असतं, तेव्हा घरातलं आधीच कुणी भरत असेल तर त्यांचा क्रमांक कळवायचा, बस.

बर्लिनच्या बस-रेल्वेचं भाडं ए, बी, सी अशा झोननुसार असतं. विमानतळ सी झोनमध्ये येतो, म्हणून शहरात जायचं तिकीट एबीसी झोनचं घ्या. स्थानकावर ना फाटक, ना कुणी अडवणारं. यंत्रातून घेतलेल्या कागदी तिकिटावर फलाटावरच्या छोट्या खोक्यात शिक्का मारून घ्यायचा असतो. न मारलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट, दंड 60 युरो. तपासनीस साध्या कपड्यांत असतात आणि ‘मी आजच आलो’ हे वाक्य त्यांनी फार वेळा ऐकलेलं असतं. विद्यार्थ्यांचा सत्राचा प्रवासाचा पास हातात येईपर्यंत एवढी काळजी घ्या.

व्हिसा बहुधा काही महिन्यांचाच असतो. तो संपण्याआधी बर्लिनच्या परदेशी नागरिकांच्या कचेरीत निवास परवान्यासाठी ऑनलाइन अर्ज करायचा. तारीख फोनमध्ये आजच घाला, दोन महिने आधीची.

ठाण्यातून निघताना सहार की नवी मुंबई, ते तिकिटावर नीट वाचा. आता दोन विमानतळ आहेत. गणपतीचे दिवस असतील तर विसर्जनाच्या संध्याकाळी हायवेवर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, त्या हिशेबाने निघा. सगळ्या कागदांच्या छायाप्रतींची एक फाइल घरी, आई-बाबांना सापडेल अशा जागी. आणि फोनची वेळ ठरवताना लक्षात ठेवा: तुम्ही पोचता तेव्हा फरक साडेतीन तासांचा असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं मागे जातात आणि तो साडेचार होतो. तुमचे संध्याकाळचे सहा तेव्हा घरी रात्रीचे साडेदहा, त्यामुळे बाबा लवकर झोपणारे असतील तर फोन दुपारच्या सुट्टीत करा.