आयएफएचपीचं बिल अडकू नये म्हणून काय करायचं

कॅनडात क्लिनिकचं बिलिंग बघणाऱ्या आपल्या मंडळींसाठी लिहितोय. आयएफएचपी म्हणजे इंटरिम फेडरल हेल्थ प्रोग्राम, निर्वासितांच्या उपचारांचा खर्च देणारी केंद्र सरकारची योजना. निर्वासित पेशंट आला की बरेच जुने डॉक्टर "नको ती भानगड, पैसे येत नाहीत" म्हणतात, ती धास्ती २०१२ ची आहे, तेव्हा सरकारने कव्हरेज कापलं आणि कुणाला काय मिळतं हेच कुणाला धड कळेना, मग २०१४ मध्ये फेडरल कोर्टाने सरकारला झापलं आणि एप्रिल २०१६ पासून सगळं पूर्ववत झालं. आता पैसे येतात, घोळ होतो तो आपल्या रिसेप्शनवर.

खर्च या प्रोग्राममधून निघतो, क्लेम बघते मेडावी ब्लू क्रॉस ही विमा कंपनी. त्यांच्याकडे प्रोव्हायडर म्हणून रजिस्टर व्हा, ते फुकट आहे.

पेशंट आला की त्याचा इमिग्रेशनचा कागद मागा, त्यावरचा यूसीआय नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला ओळख क्रमांक, टाकून मेडावीच्या पोर्टलवर कव्हरेज बघा, आणि हे दरवेळी, तपासायच्या आधी. मागच्या आठवड्यात चालू होतं म्हणजे आज असेलच असं नाही. आम्ही एका फॉलोअपवाल्याचं गृहीत धरलं आणि तीन व्हिजिटचे पैसे बुडाले, चूक आमचीच होती. नाव कागदावर जसं आहे तसंच टाइप करा, आडनाव कुठलं याचा अंदाज बांधत बसू नका.

साध्या तपासणीला प्रांताच्या रेटने पैसे मिळतात. दात, चष्मा, फिजिओ ही सप्लिमेंटल, म्हणजे पूरक कव्हरेजची भानगड वेगळी, यातल्या बऱ्याच गोष्टींना आधी मंजुरी लागते, ती न घेता काम केलंत तर नंतर भांडून काही होत नाही. आणि रेट आपल्या फीपेक्षा कमी पडला तरी वरचा फरक पेशंटकडून घ्यायचा नाही हं.

क्लेम सहा महिन्यांच्या आत गेला पाहिजे, पण खरं सांगायचं तर त्याच आठवड्यात टाका, म्हणजे रिजेक्ट झाला तर दुरुस्त करून परत पाठवायला वेळ उरतो. रिजेक्ट आला की कारण वाचा, कळलं नाही तर फोन करा, नुसतं तेच बिल पुन्हा ढकलू नका.

चुकून पेशंटकडून कॅश घेतली असेल तर ती परत करा आणि क्लेम तुम्ही टाका, कारण प्रोग्राम पेशंटच्या हातात पैसे देत नाही.