कॉन्फिगमध्ये साइझ लिहिताना

कॉन्फिगमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये, साइझ लिहिताना माझा पहिला नियम: आकड्यामागे एकक लिहायचंच. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये शेअर्ड बफर्सपुढे (डेटा हाताशी ठेवायची मेमरी) नुसतं १२८ लिहिलंत, तर ते १२८ एमबी होत नाही. ८ केबीचे १२८ ब्लॉक, म्हणजे जेमतेम १ एमबी. शिवाय तिथे स्पेलिंगचे लाड फार: केबीतला के छोटा, बी कॅपिटल. एमबी, जीबी मात्र पूर्ण कॅपिटल.

रेडिसला (मेमरीत डेटा ठेवणारा डेटाबेस) कॅपिटल-स्मॉलचं सोयरसुतक नाही, पण तिथली गोम वेगळी. मॅक्समेमरी, म्हणजे मेमरीची कमाल मर्यादा, '१जी' लिहिली तर १,००,००,००,००० बाइट आणि '१जीबी' म्हणजे १,०७,३७,४१,८२४. एका 'बी'ने सात कोटींहून जास्त बाइटचा फरक! म्हणून बदल केल्यावर 'कॉन्फिग गेट मॅक्समेमरी' चालवून बघा. उत्तर थेट बाइटमध्ये मिळतं.

एनजिनएक्स हा वेब सर्व्हर सोपा: के, एम, जी, सगळं १०२४च्या पटीत. रिक्वेस्ट बॉडीची (ब्राउझरने पाठवलेल्या मजकुराची, फाइलची) मर्यादा मुळात १ एमबी असते, फक्त ती वाढवा.

कुबरनेटीसमध्ये (कंटेनरमधली अ‍ॅप्स अनेक सर्व्हरवर चालवणारी प्रणाली) मात्र डोळ्यांत तेल घालून लिहा. मेमरीपुढे '४००' आणि छोटा एम म्हणजे ४०० मिलिबाइट, अर्थात ०.४ बाइट. (असली मेमरी कुणाला हवी असते, देव जाणे.) कॅपिटल एम १० लाखांच्या पटीत मोजतो, १०२४चा हिशोब हवा तर कॅपिटल एमला छोटा आय जोडा. मी तोच वापरतो.