जुन्या, 'अपात्र' संगणकावर विंडोज ११ कसं टाकावं

विंडोज १०चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि धडधाकट चालणारे कितीतरी संगणक 'जुने' ठरले. विंडोज ११ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप), सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त खात्रीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. यातल्या बऱ्याच अटी इन्स्टॉलरच्या तपासणीपुरत्या आहेत, त्या टाळता येतात. एक अट मात्र टळत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

आधी प्रोसेसर बघा

विंडोज ११च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रोसेसरला 'एसएसई ४.२' आणि 'पॉपसीएनटी' या सूचना कळाव्याच लागतात. इंटेलच्या पहिल्या पिढीच्या कोअर आय मालिकेपासून त्या आहेत, कोअर २ ड्युओ आणि कोअर २ क्वाडमध्ये नाहीत. तुमचा संगणक त्या काळातला असेल तर कुठलीही युक्ती चालणार नाही. त्याच्यावर एखादं हलकं लिनक्स टाका आणि हा लेख इथेच सोडा. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की 'इन्स्ट्रक्शन्स'च्या ओळीत एसएसई ४.२ आहे का ते दिसतं.

टीपीएम खरंच नाही की नुसता बंद आहे?

विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून चौकटीत 'टीपीएम डॉट एमएससी' ही कमांड द्या (अर्थात इंग्रजी अक्षरांत, 'डॉट'च्या जागी टिंब). टीपीएम सापडत नाही असं उत्तर आलं तरी हाय खाऊ नका. बऱ्याच मदरबोर्डांवर तो फर्मवेअरमध्येच असतो, फक्त कारखान्यातून बंद होऊन आलेला असतो. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच उघडता येणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेलवर 'पीटीटी' आणि एएमडीवर 'एफटीपीएम' नावाने शोधा. प्रोसेसर वर सांगितलेल्या पिढ्यांतला असेल, तर एवढं चालू केल्यावर पुढचं काहीच करावं लागत नाही, असंही होतं.

फक्त एक जपा. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं डेटा कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर बायोसला हात लावण्याआधी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. टीपीएमची सेटिंग बदलली की संगणक तीच की मागू शकतो, आणि ती नसेल तर डेटा गेला.

पेनड्राइव्ह तयार करा

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाईल. आयएसओ फाइल (विंडोजची इन्स्टॉल करायची पूर्ण प्रत) मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून उतरवा. कुणीतरी 'हलकी' करून दिलेली विंडोज घेऊ नका, तिच्यात काय काढलंय आणि काय घातलंय ते तुम्हाला कळणार नाही.

मग रूफस उघडा, म्हणजे आयएसओपासून इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह बनवणारं मोफत सॉफ्टवेअर, ४.६ किंवा त्यापुढचं. पेनड्राइव्ह आणि आयएसओ निवडून 'स्टार्ट' दाबलं की एक छोटी खिडकी येते. तिच्यात ४ जीबी रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.०ची अट काढण्याचा पर्याय असतो, त्यावर टिक करा. खरी करामत एवढीच. रजिस्ट्रीत हाताने नोंदी घालण्याच्या पद्धतीही आहेत, पण एका अक्षराची चूक झाली तरी त्या चालत नाहीत. मी तरी रूफसच सुचवेन.

पेनड्राइव्हवरून बूट करणार असाल तर 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये बायोस मोड बघून घ्या. तिथे 'यूईएफआय' असेल तर रूफसमध्ये 'पार्टिशन स्कीम'ला जीपीटी निवडा, 'लेगसी' असेल तर एमबीआर.

टाकण्याचे दोन रस्ते

फाइली आणि सॉफ्टवेअर तसंच ठेवायचं असेल तर चालू विंडोज १०मध्येच पेनड्राइव्ह उघडून 'सेटअप' चालवा. सगळं ठेवण्याचा पर्याय पुसट दिसत असेल तर आयएसओची भाषा किंवा प्रकार (होम, प्रो) जुळत नाहीये. अशा वेळी पुढे जाऊ नका, योग्य आयएसओ आणा.

कोरी पाटी हवी असेल तर पेनड्राइव्हवरून बूट करा. त्याआधी बॅकअप घ्या आणि वायफायचा ड्रायव्हर वेगळा उतरवून ठेवा. जुन्या वायफाय कार्डाला विंडोजने ओळखलं नाही, तर ड्रायव्हर उतरवायला लागणारं इंटरनेटच नसतं. विंडोज १० अ‍ॅक्टिव्हेट असेल आणि होमवर होम, प्रोवर प्रो टाकलंत तर सहसा नवीन की लागत नाही.

पहिल्या रस्त्याने गेलात आणि पटलं नाही, तर १० दिवसांच्या आत 'रिकव्हरी'मधून मागे जाता येतं. तोवर डिस्क क्लीनअप चालवू नका, जुन्या विंडोजच्या फाइली त्यात उडतात.

नंतर काय होतं

डेस्कटॉपवर किंवा सेटिंग्जमध्ये अटी पूर्ण होत नसल्याची सूचना दिसू शकते, ती निरुपद्रवी आहे. व्हॅलोरंटसारखे काही खेळ मात्र विंडोज ११वर टीपीएम आणि सिक्युअर बूटशिवाय सुरूच होत नाहीत. मासिक सुरक्षा अपडेट एरवी येत राहतात, पण अशा संगणकांना ते मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. पैशांचे व्यवहार ज्या मशीनवर चालतात, तिथे हा मार्ग मी वापरणार नाही.

वार्षिक मोठी आवृत्ती अशा मशीनवर सहसा आपोआप येत नाही. होम आणि प्रोच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिने सपोर्ट असतो. तेव्हा 'विनव्हर' कमांडने आपली आवृत्ती अधूनमधून बघा, आणि मुदत संपत आली की नवीन आयएसओ घेऊन रूफसचा पेनड्राइव्ह पुन्हा बनवून चालू विंडोजमधूनच सेटअप चालवा.