बडीशेप: शेणखत आणि युरियाचा हिशेब एकत्रच मांडा

रब्बी बडीशेपेची पेरणी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत उरकावी. गुजरात-राजस्थानातल्या बडीशेप पट्ट्यात शेणखताव्यतिरिक्त हेक्टरी 90 किलो नत्र (नायट्रोजन) आणि 40 किलो स्फुरद (फॉस्फरस) ही मात्रा रूढ आहे. एकरी ती 36 आणि 16 किलो होते. यातले पाव नत्र, म्हणजे 9 किलो, सेंद्रिय खतातून द्यायचे असेल तर साधारण 600 किलो गांडूळ खत किंवा 180 किलो निंबोळी पेंड लागते. एकरी 4 टन शेणखत द्यायचे ते यापेक्षा वेगळे. त्यातले नत्र सावकाश सुटते, म्हणून ते या हिशेबात धरलेले नाही. जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र-गूळ-बेसनाचे आंबवलेले द्रावण, तेही नत्राच्या खात्यात धरू नका. ते जरूर द्या, पण त्याच्या भरवशावर युरिया कमी करू नका.

शेणखत पूर्ण कुजलेलेच हवे. हातात घेतल्यावर भुसभुशीत, मातीसारखा वास, गवताची काडी ओळखू न येणारी, एवढी खूण पुरे. कच्चे खत पडले की ते कुजवणारे जिवाणू जमिनीतलेच नत्र ओढतात आणि रोपे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पिवळी पडतात. शिवाय हुमणी, वाळवी आणि तणाचे बी फुकटात शेतात येते.

स्फुरदासाठी एकरी 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, म्हणजे दोन पोती, शेणखतात मिसळून कुळवाच्या शेवटच्या पाळीआधी टाका. चुनखडीच्या काळ्या जमिनीत सुपर फॉस्फेट नुसते फोकले तर बरेच स्फुरद मातीत बांधले जाते. खतात मिसळल्याने ते पिकाला जास्त मिळते. त्यातून सुमारे 11 किलो गंधकही मिळते. डीएपी (नत्र आणि स्फुरद दोन्ही असलेले खत) वापरायचेच असेल तर 35 किलो पुरते, पण गंधक मिळत नाही आणि पेरणीचा युरिया 29 ऐवजी 16 किलोच द्यावा लागतो. पालाश (पोटॅश) माती परीक्षणात कमी असेल तरच द्या.

उरलेल्या 27 किलो नत्राचा युरिया 59 किलो होतो: पेरताना 29, पेरणीनंतर 30-45 दिवसांनी, पहिली खुरपणी झाल्यावर 15, आणि फुलोरा सुरू होताना 15. वरखत ओळीपासून चार बोटे लांब, वाफशावर (माती ओलसर पण चिकट नसताना), मातीआड द्या आणि हलके पाणी सोडा. उघड्यावर फोकलेल्या युरियाचा अमोनिया होऊन नत्र हवेत जाते. राख युरियात कधीच मिसळू नका, नुकसान तेच होते.

ॲझोटोबॅक्टर आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू बियाण्याला किलोला प्रत्येकी 25 ग्रॅम चोळा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू संवर्धक शेवटी. मग बी सावलीत सुकवून लगेच पेरा. संवर्धक लावलेले बी रासायनिक खतात कालवून पेरणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

फुलोऱ्यानंतर युरिया देण्याचा मोह होतो, कारण पीक तेव्हा जरा फिकट दिसते. देऊ नका. नत्र आणि पाणी जास्त झाले की झाड लुसलुशीत होते, मावा बसतो, फुलांच्या छत्र्यांवर गोड चिकट स्राव येतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि दाण्याचा भाव पडतो. उंच वाण असेल तर झाडे लोळतातही. खालची पाने एकसारखी पिवळी पडत असतील आणि नवी वाढ खुंटली असेल, तरच, तेही फुलोऱ्याआधी, 2 टक्के युरियाची एक फवारणी संध्याकाळी घ्या.