एकाच ब्राउझरमध्ये साइट उघडत नाही? या चुका टाळा

परवा मावसभावाचा फोन आला, सांगलीला मार्केट यार्डात हळदीचं दुकान आहे त्याचं, म्हणला क्रोममध्ये बिलाची साइट नुसती फिरत बसलीय, राउटर दोनदा बंद-चालू केला, आता नेटवाल्याला बोलवलंय. म्हणलं आधी एजमध्ये, म्हणजे दुसऱ्या ब्राउझरमध्ये, उघडून बघ. उघडली की लगेच! अरे मग नेट पण ठीक आणि साइट पण ठीक, बिघाड त्या एका ब्राउझरमध्येच आहे, राउटरला हात लावायची गरजच नव्हती. दहातले आठ जण इथंच चुकतात असं मला तरी दिसतंय.

दुसरी चूक जास्त महागात पडते आणि ती मी स्वतः केलीय. साताऱ्याला आत्याच्या लॅपटॉपवर एक साइट अडली म्हणून क्लिअर ब्राउझिंग डेटामध्ये 'ऑल टाइम' निवडून सगळ्या टिका मारल्या, त्यात पासवर्डची पण टिक होती आणि सिंक (सगळ्या उपकरणांवर डेटा सारखा ठेवणारी सोय) चालू होतं, म्हणजे लॅपटॉपवरचे गेले ते गेलेच पण तिच्या मोबाईलमधले सेव्ह केलेले पासवर्डसुद्धा गेले. पुढचे दोन दिवस ती माऊली एकेक पासवर्ड रिसेट करत बसली, अजून वाईट वाटतं मला. म्हणून सांगतो, सगळं उडवू नका.

आधी इनकॉग्निटो, म्हणजे खासगी खिडकी, उघडा, कंट्रोल शिफ्ट एन (फायरफॉक्सला एनच्या जागी पी). तिथं जुन्या कुकीज (साइटनं ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती) नसतात आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी जोड-सॉफ्टवेअरं) पण सहसा बंद असतात, त्यामुळं साइट तिथं चालली तर चोर बहुतेक या दोघांपैकीच एक. मग नेहमीच्या खिडकीत परत या, तिथं वर साइटच्या पत्त्याच्या डाव्या बाजूला छोटं चिन्ह असतं, त्यावर क्लिक करून कुकीज अँड साइट डेटामध्ये जा आणि फक्त त्याच साइटचा डेटा काढा, परत लॉगिन करावं लागेल एवढंच. तरी नाही झालं तर एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत बघा, सगळ्यात आधी ॲडब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं.

इनकॉग्निटोत पण नाही उघडली तर ब्राउझरचं व्हर्जन बघा. विंडोज 7 वाल्यांचं क्रोम 109 वरच अडकलंय, फेब्रुवारी 2023 ला 110 आलं तेव्हापासून तिथं अपडेटच नाही, सारखं रिइन्स्टॉल करून काही होत नाही. व्हर्जन नवं असेल तर सेटिंगमध्ये 'सिक्युअर डीएनएस' थोडा वेळ बंद करून बघा, साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधायला क्रोम कधी कधी तिथं स्वतःचा वेगळा रस्ता धरतं. फायरफॉक्सची प्रॉक्सी (नेट मधल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमार्गे नेणारी) सेटिंग आणि सर्टिफिकेटची (साइट खरी असल्याच्या दाखल्यांची) यादी वेगळी असते, तिथं पण नजर टाका.

आणि 'युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट' असं इशाऱ्याचं पान आलं तर ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन तसंच पुढं ढकलू नका, बँकेच्या साइटवर तर अजिबातच नाही, कितीही घाई असली तरी.

भावाकडं शेवटी ॲडब्लॉकरच निघाला, पेमेंटची खिडकी तोच अडवत होता. काढून नाही टाकला, फक्त त्या बिलाच्या साइटपुरता बंद केला, नेटवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.