डाळिंब खाऊन पळणाऱ्यांनो, या चुका टाळा

नाशिककरांना डाळिंबाचं अप्रूप नाही. सटाणा, देवळा, मालेगावचा भगवा वाण दारात येतो, आणि मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची, फळं तर ऐन मॅरेथॉनच्या मोसमात. म्हणून गोल्फ क्लब मैदानावर पळणाऱ्यांच्या पिशवीत रसाची बाटली असते, हल्ली अर्काच्या गोळ्याही.

सगळ्यांत जुनी चूक हिमोग्लोबिनची. रंग लाल, म्हणून रक्त वाढतं, हे घरोघरी ऐकलेलं. पण १०० ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम. पाळी येणाऱ्या बाईची रोजची गरज २९ मिलिग्रॅमच्या आसपास सांगितली जाते. आता हिशेब तुम्हीच करा. पांडवलेणीच्या पायऱ्यांवर नेहमीपेक्षा लवकर धाप लागत असेल, थकवा काही आठवडे जात नसेल, तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) तपासून घ्या.

मग उपयोग कशाला? प्रामुख्याने व्यायामानंतर स्नायू दुखतात त्याला, तोही माफक. डाळिंबातल्या प्युनिकॅलॅजिनसारख्या द्रव्यांपासून आतड्यातले जिवाणू युरोलिथिन नावाचं, या फायद्याशी जोडलं जाणारं द्रव्य बनवतात, आणि ते सगळ्यांच्या पोटात सारखं बनत नाही. मित्राला फरक पडला, मला का नाही, याचं एक कारण हे असू शकतं. वजनं उचलणाऱ्या पुरुषांवरच्या एका प्रयोगात दिवसातून दोनदा २५० मिलि रस दिला. दंडाचं दुखणं कमी झालं, मांडीच्या दुखण्यात मात्र ठळक फरक दिसला नाही. पळणारा पळतो पायांवर, हे जाहिरातवाले सांगत नाहीत! पळण्याआधी अर्धा तास १ ग्रॅम अर्क घेतल्यावर थोडा जास्त वेळ पळता आलं, असंही एका प्रयोगात दिसलं. पण अशा अर्काचा सगळ्याच प्रयोगांत फायदा झालेला नाही.

पळताना पोट डचमळत असेल तर आधी रसाची वेळ बदला. २५० मिलि रसात साधारण ३० ग्रॅम साखर असते. एवढी साखर घेऊन लगेच वेगात पळालं की काहींचं पोट बंड करतंच. कठीण सरावाच्या दिवसांत तो पळून झाल्यावर घ्या. शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा तर अजिबात नको. दाण्यांत चोथा भरपूर, तेही पळण्याआधी टाळा. बाटलीवर ‘डाळिंब पेय’ लिहिलं असेल तर मागचा मजकूर वाचा, पाणी आणि साखरच जास्त निघेल. रसात सोडियम नावापुरतं असतं, त्यामुळे एप्रिलच्या घामाला लिंबू-मीठ-पाणीच.

गोळ्या घेणाऱ्यांनी प्युनिकॅलॅजिन किती, हे डब्यावर आहे का ते बघावं. नुसती ‘डाळिंब पावडर’ म्हणजे वाळवलेली सालही असू शकते. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी व्यायामाआधी घ्यायच्या ‘प्री-वर्कआउट’ मिश्रणांपासून लांब राहावं: नमुन्यात बंदी असलेलं द्रव्य सापडलं तर जबाबदारी खेळाडूचीच, डब्यावर काहीही छापलेलं असो. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील, मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर रोजचा ग्लास सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.