दोन रंगांचा हेडबँड गोल विणताना मागचा धागा सैल ठेवा
परभणीकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे कान झाकणारा लोकरी हेडबँड फार उपयोगी पडतो. मात्र दोन रंगांच्या नक्षीचा हेडबँड गोल सुईवर विणला की तो अनेकदा डोक्याला आवळतो, आणि त्याचे कारण बहुधा टाक्यांच्या संख्येत नसून मागून जाणाऱ्या, म्हणजे त्या वेळी न विणल्या जाणाऱ्या रंगाच्या धाग्यात असते. हिमरू हे नक्षीदार कापड उलटे करून पाहिल्यास नक्षीचे धागे मागे मोकळे धावताना दिसतात. इथेही तसेच असते, पण हेडबँडला ताणले जायचे असते, म्हणून रंग बदलण्यापूर्वी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्यावेत आणि मगच नवा धागा ओढावा. एका रंगाचे सलग 5 हून अधिक टाके असतील, तर मागचा धागा मध्ये एकदा विणायच्या धाग्यात अडकवावा. हात तरीही घट्टच पडत असेल, तर आतली बाजू बाहेर ठेवून विणावे, म्हणजे धाग्याला बाहेरून मोठा वळसा मिळून तो सैल राहतो. हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो. घेर डोक्यापेक्षा सुमारे 5 सेंमी कमी धरावा. 10 सेंमीत 22 टाके बसत असल्यास 50 सेंमीसाठी 110 टाके होतात, परंतु नक्षी 12 टाक्यांची असेल तर 12 ने भाग जाणारे 108 घ्यावेत.